इटलीचा पाहुणा आणि पालथे पाव

गेल्या रविवारी सुरतला आमच्या लिंबायतच्या घरी चक्क इटलीचा माणूस जेवायला आला!

झालं असं... माझा मुलगा योगेश इच्छापोरच्या एका कापड कारखान्यात आहे. तिथे इटलीहून नवे लूम आले आणि ते बसवायला मार्को नावाचा मेकॅनिक. योगेश म्हणाला, "दादा, त्यांच्याकडे रविवारी दुपारी सगळं घर आईच्या हातचं जेवतं. हा बिचारा हॉटेलात एकटा बसतो."

एवढं कानावर पडलं आणि आमच्या मंडळींचा जीव कळवळला. सकाळपासून भरीत, शेवभाजी, कळण्याच्या भाकरी... तरी धाकधूक होतीच. त्याला भाकर नाही गेली तर? म्हणून पावाची लादीही आणवली.

मार्को आला, दारातच बूट काढले. योगेश त्याचं बोलणं आम्हाला समजावत होता. ऑगस्टमध्ये म्हणे तिकडे कारखान्यांना कुलूप लावून लोक समुद्रावर जातात... मी म्हटलं, आमचं सुरत दिवाळीला गावाकडे पळतं, तसंच की! मशीन छान चाललंय म्हटल्यावर यानं पटकन खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावला. दृष्ट लागू नये म्हणून!

हिनं ताट वाढलं, शेजारी पाव सोडवून ठेवले. आणि मार्कोनं काय करावं... एकेक पाव उचलला, उलटा केला, परत ठेवला.

हिचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या कानाशी अहिराणीत पुटपुटली, "बुरशी देखस का काय तो? सकायनाच पाव शेतस ना!" सकाळचेच ताजे पाव, त्यात हा बुरशी शोधतोय आणि सकाळपासूनचं राबणं पाण्यात गेलं, असंच वाटलं तिला. डोळ्याला पदर लागायचाच बाकी होता.

योगेशनं विचारलं तसा मार्को ओशाळला. पाव हिनं पालथे ठेवले होते, बूड वर. तिकडे तसं चालत नाही. पाव म्हणजे त्यांच्या देवाचं शरीर, पालथा घातला की अपमान! लहानपणी त्याची आजी हातावर चापट द्यायची म्हणे.

सांगता सांगता त्याच्या हातून एक तुकडा खाली पडला. हिनं सवयीनं उचलला, कपाळाला लावला. मार्को बघतच राहिला... त्याची आजी पडलेला तुकडा उचलून त्याची पापी घ्यायची!

मग काय, हिची कळी खुलली. मार्कोनं भाकरी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, भाकरीची वरची बाजू कोणती?

"पापुद्र्याची वर रे बाबा! तिथंच तर तूप पडतं." ही हसत म्हणाली, आणि तूप जरा जास्तच पडलं.

मार्को काल मायदेशी गेला. आज सकाळी मी पाव आणले, पिशवीतून ताटलीत ओतले. आतून लगेच आवाज... "सुलटे ठेवा हो! ती आजी चापट मारेल."

मी मुकाट्यानं एकेक पाव सुलटा केला. कुठली कोण इटलीची म्हातारी, आणि तिचा धाक आता लिंबायतच्या स्वयंपाकघरात... भलं होवो त्या माउलीचं!