नावापुढची पट्टी

"ए, आवाज वळकला का? ही आपल्या नांद्याचीच हाय. खालच्या आळीची."

संग्राम हे बोलला तेव्हा माझ्या कानात इअरफोन होते आणि फोनवर बंदुकीच्या खेळाचा सामना थेट चालू होता. खेळणारे आम्ही चौघं. बघणारे लई. लगेच एकानं विचारलं, "मग टीममधी कोट्यातनं घेतली काय?"

सगळे हसले.

भर दुपार होती. मी दारातच बसले होते, आमच्याकडं रेंज तिथंच येते. आई पुढ्यात भांडी घासत होती. तिला काय ऐकू येणार? मी नेम धरला. समोरचा पडला. सामना आम्ही जिंकलो. माझ्यामुळं जिंकलो.

संध्याकाळी ग्रुप उघडला तर माझ्या नावापुढं पट्टी. निळी. तिच्यावर शब्द: राखीव.

तो गेमिंगचा ग्रुप संग्रामचा. ॲडमिन तोच. कुणाला आत घ्यायचं, कुणाचा आवाज बंद करायचा, कुणाला कसली पट्टी लावायची, सगळं त्याच्या हातात. गावातही तसंच. त्याच्या घरच्यांनी जवळच्या मारुंजीतल्या जमिनीवर इमारत बांधून आयटी कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्यात. त्या इमारतीचे जिने माझी आई पुसायची.

त्या ग्रुपात मी टोपणनावानं शिरले होते. तिथं मला आळी नव्हती, आडनाव नव्हतं. नेम पक्का म्हणून बोलवायचे. "वरच्या खिडकीतला घे," म्हणायचे. मी घ्यायचे. वाटलं होतं, हितं तरी सुटले.

ॲपवर तक्रार केली. मराठीत. लगेच ठरलेलं उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. 'राखीव' म्हणजे काय ते त्यांच्या यंत्राला कळत नव्हतं. संग्रामला कळत होतं. हसणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

दुसऱ्या ग्रुपात जाऊन बघितलं. तिथंही तीच पोरं. मी तोंड उघडायच्या आधीच कुणीतरी लिहिलं, "आली बघा राखीव."

आमच्या टीममध्ये आणखी एक पोरगी होती, हिंजवडीत नोकरीला. मला एकटीला मेसेज केला, "चिल कर ना यार, मजाक करतायत." ग्रुपात सगळ्यांसमोर मात्र तिनं एक अक्षर काढलं नाही.

आईला सांगितलं. म्हणाली, "बाय, गप ऱ्हा. त्यांच्याच जिन्यावर आपलं चालतंय."

गप राहिले. संग्रामच्याच ग्रुपात ती पट्टी लावून खेळत राहिले. सोडावं तर खेळ जातो. आणि मला दुसरं काहीच एवढं चांगलं येत नव्हतं. रोज ठरवायचे, आज फोन हातात घ्यायचा नाही. तरी घ्यायचे.

मग आमची टीम उतरली होती त्या स्पर्धेचा शेवटचा सामना आला. आमच्यातले दोघं बाद झाले. उरलो मी आणि संग्राम. तो खाली अंगणात जखमी पडलेला, मी छतावर. त्याला मारायला येणारा गडी माझ्या नेमात होता.

"मार की गं राखीव!" संग्राम ओरडला.

अंगठा थांबला.

मी माईक चालू केला. माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. "नांद्याच्या बौद्ध वस्तीतली हाय मी. संग्रामदादा, आधी ती पट्टी काढ. मग मारते."

"डोकं फिरलं का तुझं? मार!"

"पट्टी काढ."

तो गेला. मागोमाग मीही. सामना हरलो. लगेच मला ग्रुपातून काढलं. मेसेजमधनं जातीवरून शिव्या येत राहिल्या, आईवरून, बापावरून. मी एकेक स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सकाळी आई कामावर गेली आणि तशीच परत आली. "आजपास्नं येऊ नको, का ते पोरीला इचार," असं तिला सांगितलं होतं. वाटलं, आता मारते मला. ती भिंतीला टेकून बसली. मग उठली.

"आता माझं काय जायचं ऱ्हायलंय? चल चौकीत."

चौकीतला हवालदार हसला. "गेममधलं भांडण व्हय? फोन बंद कर. जावा घरी."

आम्ही गेलो नाही. बाकावर बसून राहिलो. त्या दिवशी त्यानं तक्रार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं बरोबर घेऊन गेलो, तेव्हा ॲट्रॉसिटीखाली नोंदवली.

आता संग्रामच्या घरून निरोप येतायत. परवा त्याचा चुलता स्वतः आला. "पोरांचा खेळ हाय. मिटवून टाका. तुझ्या आईला परत कामावर घेतो."

मी त्याला दारातच उभं केलं.

"मिटवायचं न्हाई. जे बोलायचं ते कोर्टात बोला."