बर्फातला सायकलवाला

नेपरव्हिलच्या स्टेशनवर रोज भेटणारा हा गृहस्थ भर हिवाळ्यातही सायकलनेच येतो. भुवयांवर बर्फ साचलेला असतो, तरी म्हणतो, "नागपूरचा उन्हाळा अंगात साठवलाय, भाऊ!"

जानेवारीत स्टेशनला जाताना माझी कार रस्त्याकडेच्या बर्फात रुतली. सायकल आडवी टाकून तो धावत आला, हातांनी बर्फ उकरला, मागून कार ढकलली. ती सुटताच ओरडला, "थांबू नका, पुन्हा रुताल!"

मी स्टेशनवरही थांबलो नाही. ट्रेन उभी होती, चढलो. ती हलली तेव्हा ओल्या हातमोज्यांनी सायकल ढकलत येणारा तो खिडकीतून दिसला. पुढची ट्रेन तासाभराने होती.

दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "कार ठीक आहे ना?"

मी "हो" म्हणालो. माफी मागायची मात्र राहूनच गेली.