एक विरुद्ध शून्य

अल्मा टॉर्गर्सनला हसू आवरायचं नाही, एवढी एक खोड सोडली तर बाई लाखात एक होती. बारशाला हसायची, शोकसभेला हसायची. एकदा खुद्द गव्हर्नरसाहेब केडर फोर्कच्या विद्यापीठात भाषणाला आले आणि ‘जनतेची इच्छा’ असं छाती फुगवून म्हणाले, तर ही पहिल्या रांगेत खुदुखुदु हसत सुटली. नंतर म्हणते कशी, “जन्म गेला माझा ही बया कुठं राहते ते शोधण्यात, आणि यांच्याकडे तिचा पत्तासुद्धा आहे!”

अमेरिकेत उत्तर आयोवात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याची ही पोर. त्या लोकांना नाच वर्ज्य, पत्ते वर्ज्य, दारूचं तर नावच नको. मग करमणूक कसली? चर्चची वार्षिक सभा! देवळातली शेगडी लाकडाची ठेवावी की कोळशाची, यावर आख्खा हिवाळा भांडण चाललं आणि तोवर सगळे भाविक थंडीनं कुडकुडत प्रार्थना करत राहिले. अल्माचा बाप त्या सभेचा अध्यक्ष. दफनभूमीसाठी त्याचीच जमीन विकत घ्यायची निघाली, तेव्हा हा गडी खुर्ची सोडून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश व्हायचं नसतं, एवढंच म्हणाला. आत चर्चा लांबली आणि बाहेर त्याच्या कानाची पाळी हिमानं कायमची काळवंडली. आई रडली. अल्माला मात्र ती पाळी म्हणजे घरातला सगळ्यात भारी दागिना वाटायची.

अशा घरातली मुलगी राज्यशास्त्राकडे वळली यात नवल ते काय. तेव्हा राज्यशास्त्र म्हणजे मुळात विचारच होता. माणसानं राजाची आज्ञा का पाळावी, कायदा अन्यायाचा असेल तर काय करावं, बहुमत म्हणजे शहाणपण का, असले प्रश्न. जुन्या ग्रीकांपासून गेल्या शतकापर्यंतचे सगळे थोर लोक एकाच वर्गात एकमेकांच्या उरावर बसवायचे आणि मुलांना सांगायचं, बघा, आता सोडवा यांचं भांडण. पदवी हवी तर हा सिद्धांताचा विषय सगळ्यांना सक्तीचा. अल्मा तो शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, नाचायचीच. एका थोर पुरुषाची बाजू खिडकीशी उभी राहून मांडायची, मग धावत दाराशी जाऊन त्याचंच खंडन करायची, आणि मधेच थांबून फळ्याला टेकून हसायची.

महायुद्ध संपलं आणि वारं फिरलं. ‘काय असावं’ ते पाद्र्यांनी बघावं, आपण ‘काय आहे’ तेवढं मोजावं, असं म्हणणारी पिढी आली. सिद्धांत मेला, असं मोठमोठ्या परिषदांमधून लोक जाहीर करू लागले. मेलेल्याच्या नावानं इतका आरडाओरडा का, असं अल्मा विचारायची. पण अनुदानं मोजणाऱ्यांकडेच जायला लागली हे खरं.

केडर फोर्कला हे वारं मर्विन डालक्विस्ट नावानं आलं. वय चाळिशीच्या आत, डोक्यावर केस ब्रशासारखे उभे, आणि आल्या आल्या विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता हो. बायकोनं रुबार्बचे आंबट देठ घालून गोड ‘पाय’ भाजला की अल्माच्या टेबलावर एक फोड न चुकता ठेवायचा. पण त्याची श्रद्धा भोकं पाडलेल्या कार्डांवर. मतदारांना प्रश्न विचारायचे, उत्तरं कार्डांवर टोचायची, आणि ती कार्डं निवडायचं एक धूड यंत्र आणायचं होतं. यंत्राला खोली हवी होती. अल्माची खोली कोपऱ्यावरची, ऐसपैस.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत मर्विननं ठराव आणला: सिद्धांताचा विषय अभ्यासक्रमातून काढावा. अल्मानं नवख्या मुलांना निबंध लिहायला शिकवावं. इंग्रजी विभागात जागा होती. सगळं सभ्यपणे, शुक्रवारच्या सभेत, कॉफीबरोबर.

विभागात माणसं नऊ. हळूच कोणी कोणी अल्माला सांगून गेलं की तुझं मत धरलं तर ठराव पडतो. आणि बाईनं काय करावं? सभा सुरू होताच उठून म्हणाली, माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून मी ना मत देणार ना एक शब्द बोलणार. आणि खुर्ची उचलून भिंतीशी जाऊन बसली. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा! पण चेहरा असा फुललेला, की जणू तिलाच बक्षीस लागलंय.

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडे एकानं सचोटी दाखवली की दुसऱ्याला अपचन होतं. मर्विन लाल झाला. म्हणाला, तिची खोली माझ्या यंत्राला मिळणार, म्हणजे स्वार्थ माझाही आहे. त्यानंही खुर्ची मागे नेली. सभा चालवीन, मत देणार नाही. मग परराष्ट्र धोरण शिकवणारा कबूल झाला की तिचे तास मला मिळणार आहेत. तोही भिंतीशी. नगरपालिका शिकवणारा म्हणाला, मला तिच्याबरोबर रोज जेवायला बसायचं असतं, मी कसला निःपक्षपाती? एकाला तिच्यामुळं नोकरी लागली होती, एकाला तिनं विद्यार्थी असताना नापास केलं होतं. खुर्च्या सरकत राहिल्या. बघता बघता सगळा विभाग दाताच्या दवाखान्यात नंबर लावल्यासारखा भिंतीला पाठ टेकून बसला, आणि मोठ्या टेबलाशी उरला एकटा हर्मन क्लोप.

हर्मन राज्यघटना शिकवायचा. उन्हाळ्यात निवृत्त होणार होता, कानानं कमी ऐकायचा, आणि सभेत झोपायचा त्याला परवानाच होता. त्याला हलवून जागं केलं. त्यानं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि विचारलं, आग लागलीय का?

सगळं त्याला ओरडून सांगितलं. ठरावाला तुमचं मत काय, प्रोफेसर? हर्मननं घड्याळ बघितलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, विभागप्रमुखानं आणलाय, कोणी विरोधात बोलत नाही, खुद्द अल्मासुद्धा गप्प, म्हणजे सगळ्यांच्या मर्जीनंच चाललंय. त्यानं हात वर केला. बाजूनं. मग हॅट घातली आणि जेवायला घरी निघून गेला.

एक विरुद्ध शून्य. ठराव मंजूर, आणि तोही एकमतानं!

मर्विनच्या हातात पेन, पण इतिवृत्तात निकाल लिहायला हात धजेना. हवं ते मिळालं होतं, आणि तोंड मात्र कडू पडलं होतं. म्हणाला, हे काही बरोबर झालं नाही. झालं, अल्माच्या अंगात आलं! बोलणार नाही म्हणाली होती ठरावावर. निकालावर बोलायला कोणाची बंदी? ताडकन उठून म्हणाली की कार्यपद्धत सगळ्यांना मान्य होती, मग निकाल नावडता आला म्हणून नाकारायचा कसा? मर्विन म्हणाला, पद्धत बरोबर असून निकाल अन्यायाचा असू शकतो. ही म्हणाली, मग अन्याय मोजायचा कशानं, दाखव तुझं कार्ड. तो टेबलावर मूठ आपटायला लागला, ही खिडकीपासून दारापर्यंत धावायला लागली. नगरपालिकावाला खुर्चीवर उभा राहिला. परराष्ट्रवाला गहिवरून म्हणाला, अरे, संमती म्हणजे नुसतं गप्प बसणं का? बाहेर अंधारून आलं, कॉफी गार झाली, आणि विषय काढून टाकायला जमलेली ही मंडळी तोच विषय घशाला कोरड पडेस्तोवर घोळवत बसली. अल्मा तर आनंदानं नुसती चेकाळली होती. आपण आपल्याच विरुद्ध लढतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

शेवटी मर्विनला नियम आठवला. मंजूर ठराव पुन्हा उघडता येतो, मात्र सभा संपायच्या आत, आणि जिंकलेल्या बाजूनं मत दिलेल्यानंच तो उघडायला हवा. जिंकलेल्या बाजूला होतं कोण? एकटा हर्मन, आणि तो घरी सूप पीत असणार. मर्विननं सभा संपवली नाही. तिला नुसती मध्यंतराची सुट्टी दिली, आणि आठही जण दोन गाड्यांत कोंबून बर्फातून निघाले. वाटेत गाडी एकदा घसरली, तरी आत वाद चालूच.

हर्मनची बायको गेर्टा. तिनं दार उघडलं तर पायरीवर निम्मं विद्यापीठ. पायपुसण्याला पाय पुसा, एवढंच म्हणाली. हर्मन गळ्याला रुमाल बांधून ओव्हनमधून काढलेल्या बटाट्याच्या वाफाळत्या हॉटडिशसमोर बसला होता. मर्विननं जेवणाच्या टेबलाशी उभं राहून सभा पुन्हा सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि झाला प्रकार मोठ्यांदा सांगितला.

“म्हणजे तूच आणलेला ठराव मी मोडावा म्हणतोस?” हर्मन म्हणाला. “का?”

मर्विन म्हणाला, “प्रोफेसर, मी हजारो लोकांना विचारलंय की मत कोणाला देणार. हरल्यावर निकाल का मानता, हे एकालाही विचारलं नाही. आज मी जिंकलो, आणि मला चोरी केल्यासारखं वाटतंय. का वाटतंय ते मला कळत नाही. आणि ज्या बाईला ते ठाऊक असेल तिचीच खोली मी यंत्राला देतोय.”

हर्मननं काटा खाली ठेवला. कानामागे हात धरून तो वळला, अल्मा दाराशी उभी होती तिकडे. “अल्मा, तू काय म्हणतेस?”

“मी बोलायचं नाही ठरवलंय. आपल्या खटल्यात आपणच न्यायाधीश—”

“न्यायाधीश होऊ नये, कबूल. पण साक्षीदारही होऊ नये, असं कुठं लिहिलंय?” म्हातारा चिडला होता. “चाळीस वर्षं कायदा शिकवतोय मी. ज्याचं घर जळतं त्याला आधी बोलू देतात. तू भिंतीशी जाऊन बसलीस, मला वाटलं तुला काही पडलेलीच नाही, आणि मी हात वर करून घरी आलो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे कसलं तत्त्व? तुला काय हवंय ते सांग.”

अल्माला हसू आलं. सवयीनं आलं, आणि मधेच अडकलं. सगळे तिच्याकडे बघत होते. उत्तर खिडकीशी जाऊन देता येण्यासारखं नव्हतं आणि दाराशी जाऊन खोडता येण्यासारखंही नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“मला शिकवायचंय, हर्मन,” ती म्हणाली. “मला माझी खोली हवी, माझा वर्ग हवा. मला भीती वाटते. दुसरं काही मला येत नाही, आणि मला दुसरं काही नकोय.”

यावर कोणी वाद घातला नाही. गेर्टानं डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला.

हर्मननं ठराव पुन्हा उघडला आणि रुमाल न सोडताच विरोधात हात वर केला. शून्य विरुद्ध एक, असं मर्विननं जाहीर केलं. त्याचा घसा ओरडून ओरडून बसला होता. मग कोणी सभा संपवायच्या आत गेर्टानं कपाटातून ताटल्या काढल्या आणि अल्माच्या हातात वाढायचा डाव दिला.