ऐकलेला नवस

देवाला दिलेला शब्द मी मोडला आणि त्याचा भार घंटावाल्या आबांवर पडला. आबा आता नाहीत, म्हणून हे लिहून ठेवतो.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या चर्चची घंटा आबा वाजवायचे. या माणसाच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. लग्नाची पत्रिका दिली तरी म्हणत, “देवानं नेलं तर यीन.” भाजीवाली मुद्दाम विचारायची, “आबा, उद्या तरी मेथी घेताल ना?”

“उद्या माझ्या हातात हाय का, बाई?”

नवसाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. “करून न फेडण्यापरीस करूच नाय,” म्हणायचे. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, इफ्ताह लढाईला जाताना नवस करतो, की जिंकलो तर दारातून पहिलं जे सामोरं येईल ते देवाला वाहीन. सामोरी येते एकुलती लेक. हे सांगताना आबांचा आवाज अगदी बारीक व्हायचा.

माझी रूथ नऊ वर्षांची असताना डेंग्यूनं आजारी पडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा माझ्याशेजारी प्रार्थनेला बसले होते. मी मोठ्यानं बोलून गेलो, “प्रभू, हिला वाचव. मी वर्षभर दर रविवारी घंटा वाजवीन.” डॉक्टरांनी आबांना गुडघ्यापायी मनोऱ्याच्या पायऱ्या चढायची मनाई केली होती, त्यामुळे तेच माझ्या तोंडी आलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले, पण ते काही बोलले नाहीत.

रूथ वाचली. मी तीन रविवार घंटा वाजवली. मग वाळूजला कंपनीत रविवारचा ओव्हरटाइम लागला आणि तो संपल्यावर नुसता आळस. अंथरुणात घंटा ऐकू यायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी दुसरं कोणी नेमलं असेल, असं मी स्वतःला सांगायचो. तरी ठोके सुरू झाले की डोक्यावर पांघरूण ओढायचो. रूथ साधी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावायचो.

एका रविवारी घंटा झालीच नाही. मी आधी रूथच्या नाकापुढं हात धरला. हाताला तिचा श्वास लागला, तसा चर्चकडं पळालो.

मनोऱ्याच्या जिन्यात, निम्म्या पायऱ्यांवर आबा बसले होते. गुडघा सुजून टम्म झालेला. ना वर जाता येत होतं, ना खाली.

“आबा, तुम्ही? इतके दिवस तुम्हीच?”

“मग कोण? तुझा नवस म्या ऐकला आन् नको म्हणलो नाय. ऐकून गप बसणाऱ्याच्याबी मानेवर येतो तो. रूथला ताप आला म्हणलं की मला घास उतरंना, बाबा.”

म्हणजे माझ्याइतकेच तेही भीत होते. मी मात्र अंथरुणात पडून भीत होतो.

“आबा, मी...”

“आधी वर जा. लोकं खोळंबली.”

मी वर गेलो, घंटा वाजवली. खाली येऊन त्यांच्या एक पायरी खाली बसलो आणि तो सुजलेला गुडघा दोन्ही हातांत धरला.

“आबा, शब्द माझा होता आणि पायऱ्या तुम्ही चढलात. मला माफ करा.”