पावण्यांच्या माळावरची हीर आणि दस्तगीरचाचा

आज सकाळी आमच्या पेठेचा भूगोल गेला.

इतिहासही गेला. आणि लोकसंख्या एकानं कमी झाली.

दस्तगीरचाचा गेले.

एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. आवाज असा, की घरात मीठ मागितलं तरी स्टँडवर गाडी पुकारल्यासारखं वाटायचं.

सकाळी खूप रडले. पण आता लिहायला बसलेय आणि त्यांची ती गोष्ट आठवून परत अंगात वारं शिरलंय. काय करू!

मी लग्न होऊन इथं आले, त्याच संध्याकाळी चाचा दारात हजर.

"कुठली पोरगी?"

"गडहिंग्लजची," सासूबाई म्हणाल्या.

"आगं, माझी लाईन की ती! चल पोरी, हीर बघायला चल."

हीर म्हणजे विहीर. मला वाटलं, पहिल्याच दिवशी पाणी भरायला लावतात की काय ही माणसं!

पण आमच्या पेठेची रीतच ती. नवी सून असो, भाडेकरू असो, आजोळाहून आलेलं तान्हं बाळ असो. आधी हीर दाखवायची. ओंजळभर पाणी प्यायलं की माणूस पेठेचं झालं.

मी प्यायले. चाचा ओरडले, "डबल बेल!"

म्हणजे गाडी सुटली. आता उतरायचं नाही.

आणि मग तिथंच काठावर त्यांनी गोष्ट सांगितली.

सरकारी कागदावर आमच्या पेठेला भारदस्त नाव आहे. पण लोक म्हणतात पावण्यांचा माळ.

महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कसबा बावड्याच्या अलीकडे नुसता माळ. वर काळा कातळ, खाली ओढा, पलीकडे ऊस. कोल्हापूर शहरात दाटी झाली म्हणून महाराजांनी इथं वसाहत आखून दिली. येईल त्याला जागा, जात न विचारता.

चाचांचे आजोबा गवंडी. त्यांनी हीर बांधली. ओढ्याकडच्या खळग्यात, करंजाच्या झाडामागं. वरून बघितलं तर दिसतच नाही.

आणि हिरीला वाट एकच. सगळ्यांना तीच. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

सगळं तयार झालं, पण माणसंच येईनात. "कोल्ह्याकुत्र्यात कोण ऱ्हातंय?" म्हणायचे. बोटावर मोजण्याइतकी घरं झाली.

आणि निरोप आला, महाराज स्वतः वस्ती बघायला येणार. वस्ती दिसली नाही तर माळ परत घोड्यांच्या कुरणाला. म्हणजे जे आले होते तेही उठणार.

मग या येड्यांनी काय करावं?

माणसं उसनी आणली!

मंगळवार पेठेतून मावश्या, बावड्यातून मेव्हणे, कुणाची म्हैस, कुणाची पोरं. रिकाम्या जागांवर तीन-तीन दगड मांडून चुली पेटवल्या. धूरच धूर! गोष्टीत इथं आलं की चाचा दर वेळी हातानं धूर बाजूला सारायचे.

महाराजांचा खडखडा आला. खडखडा म्हणजे त्यांची घोडागाडी, स्वतः हाकायचे. एवढी माणसं बघून खूश झाले. एका चुलीपाशी थांबून म्हणाले, "बाई, तहान लागलीया. हिरीचं ताजं पाणी आण."

बाई घागर घेऊन उठली. जरा वर गेली. परत आली. मग हळूच शेजारणीला विचारलं, "आगं, हीर कुठं हाय?"

शेजारीण पण उसनीच!

सगळी पेठ गार.

"हितं ऱ्हातीस आणि हीर ठावं न्हाय व्हय?" महाराजांनी विचारलं.

बाई पक्की कोल्हापूरची. "खोटं कशाला बोलू, महाराज? सकाळीच आणलंय आमास्नी. मंगळवारातली हाय मी. पण जागा झ्याक हाय की!"

महाराज असे हसले की गाडीची घोडी बिथरली. गवंड्याला म्हणाले, "हिला हीर दाखव."

तिनं पाणी आणलं. महाराज प्यायले. "आता वाट कळली न्हवं? मग ऱ्हा की हितंच."

ती राहिली. तिच्या मागोमाग बाकीचे पावणेही बरेच राहिले. माळ कुरणाला गेला नाही.

ती बाई म्हणजे आमच्या ह्यांची पणजी, तानूबाई. म्हणजे मी उसन्या पावण्यांची सून! त्या संध्याकाळी हिरीच्या काठावर पोट धरून हसले मी. माहेर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

यात खरं किती आणि मीठमसाला किती, ते चाचांनाच ठाऊक.

मध्यंतरी पेठेत नवीन अपार्टमेंट झाली. गाडी आत जाते, लिफ्ट वर जाते, कोण आलं कोण गेलं कळत नाही. चाचांचे गुडघे गेलेले. दर भेटीत एकच घोर, "पोरी, माझ्यामागं हीर कोण दाखवणार गं?"

मी म्हणायचे, "तुम्हीच की! कुठं चाललाय तुम्ही?"

आज दुपारी जनाजा निघाला. कब्रस्तानची वाट सरळ. पण चाचांचा मुलगा रफीक म्हणाला, "हिरीवरनं न्या अब्बांना."

अख्खी पेठ खांदा बदलत उताराला लागली. गणपती मंडळाची पोरं सगळ्यांत पुढं.

गर्दीमागं सामानाचा एक टेम्पो अडकला होता. अपार्टमेंटमध्ये नवीन जोडपं राहायला आलेलं. मुलगी खाली उतरली, बावरून मला म्हणाली, "काकू, सगळे कुठे चाललेत?"

मी तिचा हात धरला. "हीर बघायला. तुम्ही दोघंही चला."

काठावर जनाजा थांबला. मी बादलीभर पाणी ओढलं. दोघांच्या ओंजळीत ओतलं. दोघं प्यायले.

पुढचे दोन शब्द चाचांचे. मी रफीककडे बघितलं.

बापाला खांदा दिलेल्या रफीकनंच म्हटलं, "डबल बेल."

जनाजा पुढं निघाला.

वर मी लोकसंख्या कमी झाली असं लिहिलंय. ते खोडते. आमच्यात दोघं नवीन आलेत.

चाचा, निर्धास्त जावा. हीर दाखवली.