नळीचं दुसरं टोक

सुपरवायझर कुठल्याही खोलीत शिरले की माणसांच्या आधी जमीन बघत. मुलुंडच्या आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आले तेव्हाही दारात थांबून त्यांनी फरशीवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "बाई, तुमचा उतार खिडकीकडे आहे. इथे बादली सांडली तर कादंबऱ्या भिजतील, चरित्रं वाचतील." मी तिथली ग्रंथपाल. एकवीस वर्षं त्या फरशीवर चालत होते, उतार कधी जाणवला नव्हता.

घाटकोपरपासून कांजूरमार्गपर्यंत कितीतरी इमारती त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या होत्या. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना सुपरवायझरच म्हणत. त्या दिवशी त्यांना गच्चीच्या गळतीवरचं पुस्तक हवं होतं. तसलं आमच्याकडे नव्हतं. पण तत्त्वज्ञानाच्या कपाटात चिनी ताओ विचारावरचं एक पातळ मराठी पुस्तक होतं, मुखपृष्ठावर ओढ्याचं चित्र, आत पानोपानी पाण्याचे दाखले. सात वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं. कपाटात पडून राहिलेलं पुस्तक मला बघवत नाही. "यात पाणी पुष्कळ आहे," असं म्हणून मी ते त्यांच्या हातात ठेवलं.

पंधरा दिवसांनी ते परत आले. "पुस्तकातला हा चिनी म्हातारा साइटवर राहिलेला असणार. पाण्याशी भांडू नका म्हणतो. आमचे इंजिनियर जन्मभर भांडले, बघा, एकूणएक गच्च्या गळतायत!" मग काउंटरवर कोपर टेकून, एखाद्या इमारतीतली गळती सांगावी तशा आवाजात त्यांनी सांगितलं की त्यांना बायपोलरचा आजार आहे. अठरा वर्षं झाली. "पाणी चढतं तेव्हा वाटतं, अख्खी मुंबई मीच बांधली. उतरतं तेव्हा चप्पल घालायला तासभर लागतो. मधे फार थोडं थांबतं हो." पुस्तक त्यांनी परत केलं नाही, पुढच्या तारखेचा शिक्का मारून घेतला.

कशावरही जोर करू नये, हे त्या पुस्तकातलं म्हणणं त्यांनी आपल्या गोळ्यांनाही लावलं, हे मला फार उशिरा कळलं. गोळ्या बंद केल्यावर दोनेक महिन्यांनी एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत स्वतः हातोडा घेऊन पाडायला घेतली. घराला श्वास हवा म्हणून. शेजाऱ्यांनी आवरलं तेव्हा कमरेएवढी भिंत उरली होती. ते महिनाभर इस्पितळात होते. बायको बोरिवलीला मुलीकडे गेली ती तिथेच राहिली.

हे सगळं त्यांनीच सांगितलं, पुन्हा शिक्का मारून घ्यायला आले तेव्हा. गाल बसले होते. मला शिक्का उचलवेना. "चूक माझी आहे. हे पुस्तक मी दिलं," मी म्हटलं.

"तुमची कशी? नकाशा बरोबर होता, मी उलटा धरला." मग पान उघडून पेन्सिलीने केलेली खूण दाखवत म्हणाले, "वाहायचं तर पाट लागतो, बाई. पाट नसेल तर ते वाहणं नाही, पूर. गोळी हा माझा पाट. आता त्याच्याशीही भांडणार नाही."

त्यांच्या पिशवीत एक लांब पारदर्शक नळी होती. बांधकामावर असते ती. पाणी भरून दोन माणसं दोन टोकं धरून उभी राहतात. दोन्हीकडे पाणी एका पातळीला येऊन थांबलं की भिंतीवर खूण करायची. त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं आणि ते पार मासिकांच्या कपाटापर्यंत मागे गेले. "आपल्या टोकाचं पाणी बघून काही कळत नाही. पलीकडचा ओरडून सांगतो तेव्हा कळतं. एकट्याने लेव्हल लागत नाही. पंधरा दिवसांनी मी येणार. तुम्ही माझ्याकडे बघून सांगायचं, पाणी वर की खाली. मला आतून दिसत नाही."

अशी चार वर्षं गेली. मी तीन प्रश्न विचारायची. झोप किती? गोळी? नवीन बेत? मग तारखेच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारायची; शिक्क्याच्या वर, खाली किंवा शेजारी. पुस्तक घरी ठेवून घ्या, असं मी सुचवलं तर म्हणत, "माझं झालं की वाट लागली. मग मी कशाला येतोय?"

एकदा ते भरभरून बोलत आले. वाचनालयावर सात मजले चढवायचे, प्रत्येक मजल्याला एकेका वाराचं नाव, रविवारच्या मजल्यावर फक्त झोपायचं. वाचकांची हसून पुरेवाट झाली. मीही हसले. कितीतरी दिवसांत कुणाच्या बोलण्यावर मी अशी हसले नव्हते आणि ते असेच बोलत राहावेत असं मला वाटत होतं. तरी शिक्का मारताना म्हटलं, "पाणी वर आहे."

"तुला काय कळतं गं? पुस्तकं मोजणारी बाई तू!" चार वर्षांत तेवढं एकदाच त्यांनी मला अगंतुगं केलं. ताडताड जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड काउंटरवर ठेवलं. हातोडा. "तुमच्या खणात असू दे," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

एकदा आलेच नाहीत. मी घरी गेले. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. ते कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चहा टाकते म्हटलं, डॉक्टरांना फोन करू का विचारलं. "सकाळी मुलीने केलाय. गोळी घेतलीय. आता काही करू नका," ते न वळता म्हणाले. "नुसतं टोक धरून बसा." त्या अर्ध्या भिंतीवर मी उन्हं कलेपर्यंत वाचत बसले. मी निघताना त्यांनी विचारलं, "माझं पाणी तुम्ही बघता. तुमचं कोण बघतं?"

"आमच्याकडे सगळं नियमाने चालतं," मी म्हटलं. ते हसल्यासारखे झाले.

यंदाच्या मार्चमध्ये ते गेले. जी झोप आम्ही दोघं इतकी वर्षं मोजत आलो, त्या झोपेतच. शेवटची रेघ बरोबर शिक्क्याच्या शेजारी होती.

पुस्तक परत करायला त्यांची बायको आली. ठेंगणी, थकलेली बाई. चिठ्ठीवरच्या रेघा बघून तिने विचारलं, "ह्या काय?" मी सांगितलं. ती बराच वेळ एकेका रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"भिंत पाडली म्हणान मी गेलंय, असा लोकांक वाटता," ती मालवणीत म्हणाली. "भिंतीचा काय हो! अठरा वर्षां ता टोक मीच धरलेला. हात भरान इले माझे."

"ते पुस्तक मीच दिलं होतं," मी म्हटलं.

"म्हायत आसा. तेंनीच सांगल्यानी." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही धरलात, तेवां मी बोरिवलीत झोपाक लागलंय. माका पण झोप नव्हती."

मी खणातून हातोडा काढून दिला. तिने तो हातात तोलून बघितला आणि पदराने पुसून पिशवीत टाकला.

त्यांनी माझ्याकडेच ठेवलेली नळी मात्र नको म्हणाली. ती मी मासिकांच्या कपाटामागे खिळ्याला टांगली आहे, थोडं पाणी अजून आत आहे. वाचनालय बंद करताना मी तिच्याकडे बघते. दोन्ही टोकांचं पाणी अगदी एका रेषेत दिसतं. पण दोन्ही टोकं एकाच खिळ्याला आहेत, त्यावरून काही कळत नाही.