वाघाचं परतीचं तिकीट

"परतीचा नको! किती वेळा सांगू, मना परतीचा तिकीट नको!"

बाबा ओरडले ते जव्हारच्या बाजारातल्या सायबर कॅफेत. पण माझी खात्री आहे, तिकडे सूर्यमाळच्या डोंगरावर हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांनीही मागे वळून पाहिलं असणार. सायबरवाल्याचा हात माऊसवरून उडाला. शेजारच्या खुर्चीवर निकाल बघत बसलेला एक कॉलेजकुमार निकाल न बघताच उठून गेला.

स्वस्तातली विमानं नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन बारीक गोल होते. एकावर टिचकी मारली की जाणं-येणं, दुसऱ्यावर मारली की नुसतं जाणं. त्या दोन गोलांनी आमच्या घराची जी दोन शकलं केली, तेवढी भाऊबंदकीनंही केली नसतील.

बायको जाण्या-येण्याच्या बाजूची. ती तहसील कचेरीत कारकून. ज्या कागदाला जावक नंबर पडला तो आज ना उद्या आवकमध्ये दिसलाच पाहिजे, या श्रद्धेवर तिची पंधरा वर्षं नोकरी झालेली. ती म्हणाली, मे महिन्यात दिल्लीच्या फलाटावर म्हातारा माणूस आणि सातवीतली पोरगी घेऊन वेटिंग लिस्ट वाचत मी बसणार नाही. परतीचं हातात असेल तरच उंबरा ओलांडीन.

बाबांचं उलट. "दिवाळी झाली का अख्खा गाव वीटभट्टीवर जातो. कोण परतीचा तिकीट काढून जातो? होळीला येतातच ना सगळे?"

आणि मी? मी मोखाड्याच्या शाळेत मास्तर. ढग कसे तयार होतात हे वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो, पण एकाही ढगाला वरून पाहिलेलं नव्हतं. आमच्याच शाळेतले एक गुरुजी विमानानं गोव्याला जाऊन आले आणि पुढचे सहा महिने असे चालले, जणू विमान त्यांनी स्वतः हाकत नेलं होतं. मला फक्त चढायचं होतं. परत मी बैलगाडीतूनही आलो असतो.

बेत असा, की दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे बसनं मनालीला बर्फ बघायला. बर्फाचं नाव काढल्यावर बाबा एका शब्दात तयार झाले होते. त्यांनी आयुष्यभरात बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळेवाल्याकडे आणि डहाणूहून येणाऱ्या मासळीच्या पेटीत. डोंगरावर तो कुणी न ओतता पडलेला असतो, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. आठ दिवस ते आमच्या साखरशेत गावात भेटेल त्याला सांगत फिरले की मास्तर मला फसवतोय का काय ते बघायला मी जातोय.

मग घोडं अडलं कुठे? तर बोहाड्यात.

आमच्या भागात उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे, जनावरांचे मुखवटे बांधून माणसं रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. त्याला आम्ही सोंग म्हणतो, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडे वाघ. तो मुखवटा एवढा जड, की नवख्याची मान दोन दिवस सरळ होत नाही. बाबांनी तो चाळीस वर्षं नाचवला. लोक सांगतात, एका साली त्यांचा वाघ बघून खरा वाघ जंगल सोडून गेला. मी सांगत नाही, लोक सांगतात.

पण नियम कडक. संबळ वाजायला लागला आणि त्या घरचा माणूस मुखवट्याजवळ हजर नसला, तर सोंग पुढच्या हक्कदाराकडे जातं. गेलं ते गेलं. आणि आमचा पुढचा हक्कदार म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, माझा काका. तो तीस वर्षं टपून बसलेला. बाबांना साधी शिंक आली तरी तो तब्येतीची चौकशी करायला यायचा.

बरं, बोहाड्याची तारीख कॅलेंडरात नसते. गाव बसेल तेव्हा ठरेल. आणि गाव अजून बसलं नव्हतं. म्हणून बाबांचं म्हणणं, नुसतं जायचं तिकीट काढा. रोज गावच्या टेलिफोनवर विचारीन, आणि तारीख पडली रे पडली की मिळेल त्या गाडीनं निघेन. परतीचं काढलं आणि त्या दिवसाच्या आधीच बोहाडा उभा राहिला, तर वाघ गेला.

सायबरवाला बिचारा दोन्ही गोलांच्या मधे बाण धरून बसलेला. तो म्हणाला, "मास्तर, ही स्कीम आज संध्याकाळपर्यंत आहे. आणि चार वाजता लाइट जाणार. काय ते बोला."

तेव्हा अकरा वाजले होते. माझ्या डोक्यात जो विचार आला तसा विचार पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यात सात जन्मांत येणार नाही. बोहाड्याची तारीख कळल्याशिवाय विमान ठरत नाही ना? मग विमानाची तारीख घेऊन बोहाडाच ठरवू. सायबरवाल्याकडून मी जाण्या-येण्याच्या वेळा छापून घेतल्या. बायको-पोरीला तिथंच खुर्च्या राखायला बसवलं आणि बाबांना मोटरसायकलवर मागे घेऊन साखरशेत गाठलं. रस्त्यात इतके खड्डे होते की आमचा अर्धा प्रवास तसाही हवेतूनच झाला.

मोहाच्या झाडाखाली गाव गोळा करायला मला घरोघर फिरावं लागलं नाही. बाबांनी दोन हाका मारल्या, शेजारच्या पाड्यावरचेही आले. गावचे जे म्हातारे प्रमुख, त्यांच्या हातात मी तो कागद दिला. त्यांनी तो उलटा, सुलटा, उन्हात धरून पाहिला आणि विचारलं की यावर शिक्का का नाही. मी म्हटलं, अजून काढलंच नाही, तुमच्यासाठी थांबलंय. हे त्यांना आवडलं. विमान आपल्यासाठी थांबलंय ही बातमी मागच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर विमान मोहाच्या पलीकडे उभं असल्यासारखं झालं.

काका मात्र पुढे सरकला. गोड आवाजात म्हणाला, "देवाच्या कामाला तिकिटाची अट कशाला? दादाला बर्फ बघायचा असंल तर खुशाल बघू दे. दोन महिने बघू दे. इकडे वाघाचा मी बघतो."

सकाळी जव्हारचा बाजार दणाणून सोडणारे बाबा मान खाली घालून नखानं माती उकरत होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, नको तुझा बर्फ. आणि मग मलाही ढग नको झाले असते.

म्हातारे प्रमुख बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, विमान किती वाजता उतरतं, तिथून जव्हारची एसटी कधी, आणि मधे मुंबईत मुक्काम करावा लागतो का. मी सगळं सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "देव थांबल. विमान नाय थांबायचा. ह्यो उतरला का तिसऱ्या दिवशी बोहाडा."

काकाचं तोंड असं झालं, जसं शिजलेल्या नागलीच्या पेजेत खडा निघावा.

आम्ही परत निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते. ती मोटरसायकल मी जशी हाणली तशी कुणी हाणू नये. वाटेत एक कोंबडी दचकून झाडावर चढली ती, म्हणतात, दुसऱ्या दिवशी उतरली. कॅफेत शिरलो तेव्हा चारला पाच कमी. बायको आमची तोंडं बघून सायबरवाल्याला म्हणाली, "आवकसकट." त्यानं टिचकी मारली. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. ते फिरतंय, फिरतंय, आणि लाइट गेली.

पंखा थांबला. खाली ठेवलेली बॅटरी टूं टूं करायला लागली. सायबरवाला म्हणाला, पाच मिनिटं चालेल. बाहेरून चार-सहा माणसं आत डोकावायला लागली, कुणीतरी नारळ आणायला पळालं. पोरगी डोळे मिटून बसलेली. बाबांनी तर कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवला, गाभण गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. चौथ्या मिनिटाला चक्र थांबलं आणि चार माणसांचं जाणं आणि येणं पक्कं झालं.

पुढे काय सांगू. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली की यंदाचा वाघ विमानानं येणार, आणि ती मोखाड्यापलीकडे गेली. विमानात बाबांना खिडकी मिळाली. ढग खाली आले तेव्हा ते मला म्हणाले की तुझ्या फळ्यावरचे चुकीचे आहेत, आणि ते खरंच होतं. मनालीजवळच्या रोहतांगला बर्फात ते चपला काढून उभे राहिले, मूठभर तोंडात टाकला आणि म्हणाले की ह्याला रंग घातला तर चालेल. पण उतरणीवर त्यांचा गुडघा मुरगळला तो मुरगळलाच. परतताना दिल्लीच्या विमानतळावर ते माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होते आणि मधूनच खिशातलं तिकीट चाचपत होते.

तिसऱ्या दिवशी बोहाडा उभा राहिला. विमानातून आलेला वाघ बघायला एवढी माणसं लोटली की साखरशेताची जमीन चार बोटं खचली. संबळ वाजला. मुखवट्याजवळ बाबा हजर होते, लंगडत का होईना. काकाही तिथंच, सवयीनं.

बाबांनी मुखवटा खुंटीवरून काढला, पदराआड दिवा न्यावा तसा छातीशी धरला, आणि काकाच्या डोक्यावर चढवला. मागच्या दोऱ्या स्वतः बांधल्या, गाठ दोनदा ओढून बघितली. म्हणाले, "मान डावीकडं ठेव. उजवीकडं घासतो." मुखवट्याच्या आत काका रडत होता का हसत होता ते कळायला मार्ग नव्हता, पण नाचला मात्र बरा. बाबांच्या निम्म्यानं.

सकाळी चहाला बसल्यावर माझा संयम सुटला. म्हटलं, बाबा, सोंग काकालाच द्यायचं होतं तर मग ते जव्हारातलं ओरडणं कशाला, गाव गोळा करणं कशाला, विमान आणि देव दोघांना ताटकळत ठेवणं कशाला? तो तर फुकटच घ्यायला बसला होता.

बाबांनी बशीतला चहा फुंकला.

"तो घेणार होता," ते म्हणाले. "मना द्यायचा होता."